नाव बदललं आहे

माइक हातात आला की शकुवहिनी आधी त्याच्यावर फुंकर मारायच्या. बोटाने टकटक नाही, 'हॅलो, हॅलो' नाही. बशीतल्या गरम चहावर मारावी तशी एक लांब फुंकर. हॉलभर वारा सुटल्यासारखा आवाज व्हायचा, मागच्या खुर्च्यांवर पेंगणारे बातमीदार दचकून सरळ बसायचे, आणि त्या म्हणायच्या, "हां, आता विचारा. पण हळू विचारा. उत्तर काही पळून जात नाही."

हे सगळं चालायचं आरोग्याच्या बातम्या लिहिणाऱ्या पत्रकारांच्या कार्यशाळांत. नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. बडोद्यात तेव्हा वर्तमानपत्रांचा हंगाम होता. बाहेरगावची मोठी पत्रं इथून आवृत्त्या काढू लागली होती, आतली पानं रंगीत झाली होती आणि प्रत्येक संपादकाला आरोग्याचं एक पान हवं होतं. पान होतं, जाहिराती होत्या, भरणारी माणसं मात्र नव्हती. कालपर्यंत महापालिकेच्या सभा नाहीतर अपघात लिहिणाऱ्याला बोलावून सांगायचे, "उद्यापासून तू आरोग्य बघ." तो बिचारा कावीळ आणि मलेरिया एकाच डासाच्या माथी मारायचा.

अशांना चार गोष्टी समजाव्यात म्हणून प्रदीपभाईंनी ह्या कार्यशाळा सुरू केल्या. प्रदीपभाई म्हणजे निवृत्त प्राध्यापक. खादीचा झब्बा, आणि आवाज इतका मऊ की पहिल्या रांगेच्या पलीकडे पोचू नये. त्यांच्या छोट्या संस्थेला बाहेरून निधी मिळायचा. मी एका गुजराती दैनिकात उपसंपादक होते. घर नागरवाड्यात, वडील शिक्षक, घरी मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, त्यामुळे दुभाष्याचं आणि पाहुण्यांना आणण्या-पोचवण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

भरूच, आणंद, गोध्रा असे कुठून कुठून पत्रकार यायचे. हॉटेलचा गार हॉल, प्रत्येकाला एक पिशवी, पेन आणि पॅड. सकाळी डॉक्टरांचं भाषण, पडद्यावर विषाणूचं काटेरी चित्र. मग चहा आणि कार्डांची देवघेव. डॉक्टरांना पत्रकार हवे असायचे, पत्रकारांना डॉक्टर, आणि औषध कंपन्यांच्या माणसांना दोघेही. जेवणाआधीचा तास असायचा 'रुग्णाशी बोलताना'. एचआयव्ही झालेलं माणूस समोर बसायचं आणि पत्रकारांनी त्याला प्रश्न विचारायचे. कसं विचारावं, काय विचारू नये, हे त्यातून शिकायचं. नाव छापायचं नाही आणि फोटो काढायचा नाही, ह्या बोलीवर.

पहिल्या वेळी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी निरोप धाडला, एक बाई येईल, तिचं नाव विचारू नका. रिक्षातून उतरल्या दोघी. एक उंच, हाडापेराने मजबूत, हिरवी साडी. दुसरी किरकोळ, डोक्यावरून पदर, नजर जमिनीला. मी त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं. किरकोळ बाईंनी मोरी कुठे म्हणून विचारलं आणि त्या तिकडे गेल्या. तेवढ्यात प्रदीपभाई दारात आले. "चला बेन, लोक वाट बघतायत." हिरव्या साडीतल्या बाई मोरीच्या दाराकडे बघत क्षणभर थांबल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चला."

त्या शकुंतला मोहिते. जुन्या शहरातल्या वाडी नावाच्या भागात राहायच्या. आजेसासरे गायकवाड सरकारच्या फौजेत होते, ह्याचा त्यांना भारी अभिमान. मी नागरवाड्याची आहे हे कळल्यावर म्हणाल्या होत्या, "तुमचे आजोबा कचेरीत असणार. मग बरोबर आहे. तुम्ही लिहायचं, आम्ही पुढं उभं राहायचं."

त्या पहिल्या दिवशी त्यांना माइक कसा धरतात हेही माहीत नव्हतं. पण बोलायला लागल्या आणि हॉल गप्प झाला. नवरा गेला, मग तपासणी झाली, मग कळलं. दीर-सासू वाईट नव्हते, पण जाऊ वाईट निघाली, असं त्या सांगायच्या. "माझ्या जावेनं माझी ताटवाटी वेगळी केली. मोरीतल्या कोपऱ्यात ठेवायची. पाणी वरून ओतायची, कुत्र्याला घालतात तसं. बाई नव्हती ती, दगड होता." ही जाऊ त्यांच्या प्रत्येक भाषणात यायची आणि तिच्यावर बोलताना त्यांचा आवाज असा काही धारदार व्हायचा की ऐकणाऱ्यालाच त्या जावेची लाज वाटावी.

कुणीतरी विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं चारित्र्य कसं होतं?"

शकुवहिनींनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तुमचं कसं आहे?"

हॉल हसला. तो माणूस लाल झाला. "हसू नका," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगू द्या की. नाही ना सांगता येत चारचौघांत? मग मला काय विचारता?"

त्यानंतर प्रत्येक कार्यशाळेत त्या आल्या. किरकोळ बाई पुन्हा आल्या नाहीत. 'माझी जाऊ हो, सोबतीला आली होती,' असं त्यांनी एकदा सांगितलं. मला वाटलं, बघा, ज्या जावेने ताटवाटी वेगळी केली तिलाच ह्या बरोबर घेऊन फिरतात. केवढं मोठं मन.

मन मोठं होतं की नाही ते असो, पण ते साधंसुधं नव्हतं. कार्यशाळेला यायला त्यांना आवडायचं. आठवडा आधी त्या मला फोन करून साडीचा रंग विचारायच्या. "मागच्या वेळी जांभळी नेसले होते, लक्षात असेल लोकांच्या." हॉटेलातलं टोमॅटोचं सूप त्यांना फार प्रिय होतं. डॉक्टरांचं भाषण लांबलं तर त्या सगळ्यांना ऐकू येईल अशी जांभई द्यायच्या. आणि कोणी दुसरा रुग्ण-वक्ता आणायची गोष्ट काढली की दोन दिवस फुरंगटून बसायच्या.

जेवताना त्या मुद्दाम पत्रकारांच्या टेबलावर बसत. आपल्या ताटातली पुरी मोडून अर्धी शेजारच्याला देत. आणि तो तिचं काय करतो ते बघत. महेशभाई म्हणून एक जाडजूड बातमीदार होते, आयुष्यभर पोलीस आणि कोर्ट लिहिलेले. त्यांनी ती अर्धी पुरी घेतली, हसले आणि हळूच सदऱ्याच्या खिशात टाकली. शकुवहिनींनी पाहिलं. जेवण संपल्यावर त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "भाई, खिशाला तेल लागलं असेल. घरी बोलणी बसतील. साबण लावून धुवायला सांगा." महेशभाईंच्या मनाला ते लागलं. पुढच्या कार्यशाळेत ते आपणहून त्यांच्या शेजारी येऊन बसले, त्यांच्या ताटातली पुरी उचलली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. त्या दिवसापासून ते त्यांना 'मासी', म्हणजे मावशी, म्हणू लागले, आणि मग सगळेच.

त्यांच्यावर जे लिहून यायचं ते त्या माझ्याकडून वाचून घ्यायच्या. नाव छापायचं नाही म्हणून कुणी गीता लिहायचा, कुणी सविता, कुणी रमीला, आणि शेजारी कंसात 'नाव बदललं आहे'. "आज माझं बारसं काय झालं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. एकाने लिहिलं होतं, बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून आसवं ओघळली. शकुवहिनी भडकल्या. "मी कुठं रडले? त्या वेळी मी सूप पीत होते. ह्याला बोलवा पुढच्या खेपेला, बघते त्याला." आणि खरोखर पुढच्या खेपेला त्याला उभं करून त्यांनी विचारलं, "आसवं कुठल्या डोळ्यातून आली होती, डाव्या की उजव्या?" प्रदीपभाई म्हणाले, आपल्या सगळ्या भाषणांपेक्षा हा प्रश्न त्याला जास्त शिकवून गेला.

मग केबलचं प्रकरण झालं. एका स्थानिक वाहिनीच्या माणसाने मागच्या बाजूने चित्रण करायची परवानगी मागितली. चेहरा दिसणार नव्हता. दिसलाही नाही. पण आवाज बदलायचा राहून गेला. संध्याकाळच्या बातम्यांत तो आवाज वाडीत घरोघरी घुमला, आणि तो कोणाचा हे सांगायला चेहऱ्याची गरज नव्हती.

शकुवहिनी साड्यांना फॉल लावून द्यायच्या. मांडवीच्या बाजारातल्या दोन दुकानांतून आणि आसपासच्या घरांतून साड्या यायच्या. त्या यायच्या बंद झाल्या. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. समोरच्या बाई ओट्यावर बसलेल्या असायच्या, त्या आत जाऊन बसू लागल्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. ज्या मुलीशी नीलेशचं, त्यांच्या मुलाचं, ठरत आलं होतं त्या लोकांनी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप पाठवला.

मी त्यांच्या घरी गेले ती त्या दिवसांत. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो, जाड मिशा, शर्टाच्या खिशाला कंपनीचा बिल्ला. आत जाऊबाई, म्हणजे मंगल, पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नीलेश नुकताच कामावरून आला होता. मी कार्यशाळेची आहे हे कळताच त्याचा चेहरा बदलला.

"आता अजून काय पाहिजे तुम्हाला?" तो म्हणाला. "सगळी वाडी म्हणते बाबा त्या रोगानं गेले. आई, सांग ना ह्यांना, बाबा कशानं गेले. सांग!"

"नीलेश, पाणी आण ताईंना."

"नाही आणत. तुला माइक पाहिजे. बाबांच्या नावाची माती झाली तरी चालेल, माइक पाहिजे."

तो निघून गेला. आतलं लाटणं थांबलं होतं. शकुवहिनी फोटोकडे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "खरं आहे पोराचं. आवडतो मला माइक. चार शिकलेली माणसं गप बसून ऐकतात. जन्मात कुणी ऐकलं होतं?" मी म्हटलं, आता थोडे दिवस येऊ नका, सगळं निवू द्या. त्या म्हणाल्या, "आता नाही आले तर लोक म्हणतील, घाबरली."

त्या येत राहिल्या. पण त्यांच्या बोलण्यातली गंमत आटली. पूर्वी त्या ताटवाटीचं सांगायच्या. आता मिटलेल्या दारांचं, न आलेल्या साड्यांचं सांगू लागल्या, तेही अडखळत, शब्द शोधत. ऐकणाऱ्यांना ते जास्त खरं वाटायचं.

काही वर्षं अशीच गेली. नीलेशला अंकलेश्वरला नोकरी लागली, तो तिकडेच राहू लागला. मग सरकारी दवाखान्यांत ह्या रोगावरचं औषध फुकट मिळायला सुरुवात झाली आणि प्रदीपभाईंनी त्यावर एक कार्यशाळा ठेवली. व्यासपीठावर दवाखान्यातले एक तरुण डॉक्टर होते, फार तळमळीचे. समोर हेतल होती. हेतल म्हणजे आमच्या कार्यशाळांतच तयार झालेली मुलगी, आता एका दैनिकाचं आरोग्याचं पान एकटी सांभाळणारी. पहिल्यांदा आली तेव्हा ती मागच्या रांगेत दडून बसली होती आणि शकुवहिनींनी तिला जवळ बसवून सूप पाजलं होतं. तेव्हापासून तिचा त्यांच्यावर जीव.

हेतलनेच विचारलं. "मासी, तुमच्या गोळ्या सुरू झाल्या?"

"नाही अजून."

डॉक्टर पुढे वाकले. "तुम्हाला कळून किती वर्षं झाली, बेन? इतकी? मग रक्ताची तपासणी केव्हा केली होती?"

शकुवहिनींनी माइक ह्या हातातून त्या हातात घेतला. "झाली असेल मागं."

"असं नाही चालणार," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. "उद्या सकाळी माझ्याकडे या. मी स्वतः तपासणी करून घेतो. गोळ्या मोजक्या आल्यात, रांग मोठी आहे, पण तुमचं नाव मी वर घेतो. तुम्ही एवढ्या लोकांसाठी बोलता."

"मी येते न्यायला," हेतल म्हणाली. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा हॉल वाजवू लागला. मासींना औषध मिळणार म्हणून महेशभाईंनी रुमाल काढून डोळे पुसले.

शकुवहिनी टाळ्या थांबायची वाट बघत होत्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माझं नाव वर घेतलं तर कुणाचं तरी खाली जाईल ना?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"ते मी बघतो, बेन."

"नका घेऊ." त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि तसंच, माइकशिवाय बोलल्या. "मला नाहीये. मला कधी नव्हताच. माझा नवरा कंपनीत हृदयविकारानं गेला. आजार माझ्या जावेला आहे. माझा दीर साइटवर फिटर होता, गावोगाव फिरायचा. तो गेला आणि हिला मागं ठेवून गेला. तुमच्या दवाखान्यातल्या बाईंनी बोलावलं होतं तिला. ती मोरीत उलट्या करत होती. लोक वाट बघत होते. मी म्हटलं, मी जाते, हिच्या वतीनं चार शब्द सांगते. तर भाईंनी मला वर नेऊन सांगितलं, ह्या त्या बेन. मी नाही म्हटलं नाही."

मी भाषांतर करत होते. ते मी मध्येच सोडून दिलं. पण ते सगळ्यांना कळलं होतं.

"आणि ती जाऊ," त्या म्हणाल्या. "ताटवाटी वेगळी करणारी. ती मी. पाणी वरून ओतायचे ती मी. तिच्या तोंडून तिनं ते कधीच सांगितलं नसतं. म्हणून मी सांगत होते."

मग महेशभाई उठले. मी त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मासी, तुमच्या ताटातली पुरी खाऊन मी घरी गेलो आणि बायकोला, पोरांना सांगितलं, घाबरायचं नसतं. मग ते काय होतं?"

"घाबरायचं नसतं हे खोटं होतं का?"

"नव्हतं. पण माणूस खोटं निघालं की त्याचं खरंही लोक खोटं धरतात. मी तुमच्यावर तीनदा लिहिलंय. आता वाचकांना कुठल्या तोंडाने सांगू?"

प्रदीपभाई खुर्चीत खचून बसले होते. निधी देणाऱ्यांना काय कळवायचं हे त्यांच्या कपाळावर वाचता येत होतं. जेवणाकडे कुणी फिरकलं नाही. बाहेरच्या सोफ्यावर शकुवहिनी एकट्या बसल्या होत्या. हेतल त्यांच्यापाशी गेली. ती रडत होती, पण बोलली ते स्पष्ट.

"मासी, हे छापावं लागेल. आम्ही चुकीचं छापलंय इतकी वर्षं."

"छाप. छापायलाच पाहिजे." त्यांनी तिचा हात धरला. "फक्त एक कर, बेटा. मला खोटारडी लिही. आजारी नसताना आजारी म्हणून मिरवत होती, असं लिही. तेवढंच लिही. कुणासाठी बोलत होती ते लिहू नको. वाडीत माझ्या घरात दुसरी बाई एकच आहे."

हेतलने तसंच लिहिलं. चार ओळींचा खुलासा. नाव नाही, गल्ली नाही. पण तो तिच्या वृत्तसंपादकाच्या हाती गेला. तो भला माणूस होता. त्याला वाटलं, बाईवर हा अन्याय आहे, ती लबाड नव्हती हे वाचकांना कळायला हवं. त्याने शेवटी एक वाक्य जोडलं: घरातल्या आजारी नातेवाईक स्त्रीचं दुःख लोकांपुढे यावं म्हणून तिने असं केलं. सकाळी पेपर हातात पडल्यावर हेतलचा मला फोन आला. ते शेवटचं वाक्य तिने मला वाचून दाखवलं.

वाडीला तेवढं पुरलं.

त्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा समोरच्या बाई शकुवहिनींच्या ओट्यावर आल्या होत्या, वाटीत शिरा घेऊन. "आम्हाला ठाऊकच होतं हो शकुवहिनी, तुम्ही तशा नाही." आणि बोलता बोलता त्यांची नजर आतल्या खोलीकडे जात होती. दोन घरांतून साड्याही आल्या होत्या फॉलसाठी. शकुवहिनींनी शिऱ्याची वाटी तशीच परत केली. साड्यांची घडीसुद्धा मोडली नाही. पिशवी उचलून त्या स्वतः एकेका दारात ठेवून आल्या.

नीलेश अंकलेश्वरहून आला. पेपरचं ते पान त्याने घडी घालून वडिलांच्या फोटोच्या चौकटीत खोचलं आणि आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. त्याला इतक्या वर्षांनी बाप परत मिळाला होता. शकुवहिनी त्याच्या केसांतून हात फिरवत होत्या आणि आतल्या बंद दाराकडे बघत होत्या. त्या दाराच्या पलीकडे मंगल होत्या. दोन दिवस त्या बाहेर आल्या नाहीत. नंतर दवाखान्यातल्या रांगेत उभं राहायला नको म्हणून त्यांनी तपासणीला जायचंच सोडलं. मग खोकला लागला, ताप लागला. शकुवहिनींनी त्यांना अक्षरशः ओढून त्या तरुण डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कुठे गोळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर वाडीतलं घर बंद दिसू लागलं. दोघी शहराबाहेर, हमरस्त्याजवळच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेल्या होत्या. पत्ता हेतलनेच शोधून दिला. प्रदीपभाईंच्या कार्यशाळा वर्षभर बंद पडून पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि त्यांनीच मला विचारलं होतं, शकुंतलाबेन येतील का, आता स्वतःच्या नावाने, जे झालं ते सांगायला.

मी गेले तेव्हा दार मंगलनी उघडलं. अंग जरा भरलं होतं. डोक्यावर पदर नव्हता. "जाऊबाई भाजी आणायला गेल्यात, बसा," म्हणाल्या, आणि माझ्यासमोर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते. मी कशाला आले ते सांगितलं.

"त्या नाही येणार," मंगल म्हणाल्या. "त्या आता बोलायचं म्हटलं की आजारी पडतात." मग विचारलं, "ताई, तुम्ही होता ना त्या पहिल्या दिवशी?"

"होते."

"मी उलटी करून तोंड धुतलं आणि बाहेर आले. बरं वाटायला लागलं होतं. मनात सगळं जुळवलं होतं काय बोलायचं ते. हॉलच्या दारापर्यंत आले. आणि बघते तर त्या बोलत होत्या." त्या किंचित हसल्या. "इतकं छान बोलत होत्या! मला जमलं नसतं तसं. माझंच ऐकत मी दारात उभी राहिले."

"त्यांना कधी सांगितलंत हे?"

"नाही. ताटवाटीचं मी कधीच विसरून गेले होते. त्या विसरल्या नाहीत. त्यांना ते बोलायचं होतं. मग मी म्हटलं, बोलू देत." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. "पण मला कुणी विचारलं नाही. त्यांनी पण नाही, तुम्ही पण नाही, पेपरवाल्यांनी पण नाही. मी काही मुकी नव्हते."

जिन्यात पावलं वाजली. शकुवहिनी भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. केस बरेच पिकले होते. मला बघून त्यांना आनंद झाला की भीती वाटली, ते कळलं नाही. त्यांनी चहा केला. मी प्रदीपभाईंचा निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतला, मान हलवली आणि म्हणाल्या, "नको सुमनताई. आता माझ्याजवळ माझं असं काही सांगण्यासारखं नाही." मी आग्रह केला नाही. मंगल माझ्याकडे सरळ बघत होत्या.

मी खाली उतरून रिक्षात बसले. दोघी गॅलरीत येऊन उभ्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वर बघून खणखणीत आवाजात विचारलं, "कोण आव्युं'तुं, बेन?"

शकुवहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सवयीने, जसं त्या नेहमी उघडायच्या. मग मिटलं, आणि त्या मंगलकडे वळल्या.

मंगल कठड्यावरून खाली वाकल्या. "छापावाळां बेन हतां," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मने मळवा आव्यां'तां."

पेपरच्या बाई होत्या. मला भेटायला आल्या होत्या.